गंगम्माचा आग्रह

आमच्या गल्लीतल्या मठात दर सोमवारी दुपारी दासोह असतो. येईल त्याला जेवण, आणि ते जेवण म्हणजे प्रसाद. मी नाटकवाला माणूस. कंपनीबरोबर गावोगाव हिंडलो, सरदारांच्या आणि हमालांच्या पंगतीला बसलो, पण गंगम्मा वाढायला असते तशी पंगत मला कुठंच भेटली नाही. डाव्या हातावर भाकरीची टोपली, उजवा हात मोकळा, आणि अर्धपोटी उठणाऱ्याची गाठ आपल्याशी आहे असा चेहरा. कुणी 'पुरे' म्हणे, कुणी कानडीत 'साकु, साकु' म्हणत ताटावर हात आडवा धरी. गंगम्मा त्या हाताच्या खालून भाकरी सरकवायची.

"पुरे गं, गंगम्मा," मी म्हणायचो.

"राजाचं काम करत होता न्हवं तुमी? राजा एवढंच खातो व्हय, अण्णा? म्हणून राज्य बुडालं की!"

सगळी पंगत हसायची. मी 'पुरे' म्हणायचो ते या उत्तरासाठी. आधीपासून पोटात एका भाकरीची जागा राखूनच म्हणायचो. मी क्यू द्यायचा आणि तिनं वाक्य टाकायचं, असा आमचा प्रयोग वर्षानुवर्षं चालला.

एकदा ताटात पडलं की मात्र टाकायचं नाही. प्रसाद आहे तो. जेवण झालं की ताटात थोडं पाणी ओतायचं, बोटानं ताट निपटायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. शेवटच्या पंगतीला गंगम्मा स्वतः बसायची आणि तिला वाढायचे सिद्धलिंगप्पा, मठाचे जुने कारभारी. तिनं त्यांना जन्मभर जास्तीचं खाऊ घातलेलं, त्यामुळे ते हिशेब चुकता करायला टपलेले असायचे. तीही दोन भाकऱ्या आणि वाटीभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, हसत संपवायची.

मग गुडघे गेले. चुलीपुढून उठताना दोघींनी धरावं लागे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही सांधे बदलायला हवेत, पण आधी वजन उतरवा, एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. साखरेचा आजार होताच. तिनं भात सोडला, गोड सोडलं. काटा जरा हलला आणि थांबला. तिची साखर बघणाऱ्या डॉक्टर श्रावणी मला म्हणाल्या, "काका, शरीर फार कंजूष असतं. कमी मिळायला लागलं की तेही खर्च कमी करतं." शेवटी त्यांनी इंजेक्शन सुचवलं. पेनासारखं असतं, आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचं. सुरुवातीला अगदी थोडं, मग सोसेल तसं वाढवायचं.

ते पेन राहिलं माझ्या फ्रीजमध्ये. गंगम्माचा फ्रीज म्हणजे गल्लीची पाणपोई, येणारा जाणारा उघडणार. आणि तिला ही गोष्ट कुणाला कळू द्यायची नव्हती.

"मठात बोलायचं न्हाय, अण्णा. म्हणतील, दुसऱ्याला कोंबून घालती आन आपण भूक मारायची सुई घेती."

दर शुक्रवारी सकाळी ती काठी टेकत यायची. लिंबाच्या लोणच्यामागून मी पेन काढून द्यायचो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. स्टेजवर मी इतके राक्षस मारले, पण सुई बघितली की मला घाम फुटतो.

"झालं. वळा आता," ती म्हणायची. "लई शूर हाव तुमी."

पहिला महिना नुसत्या ढेकरांत गेला. डोस वाढवला तशी मळमळ सुरू झाली. शेंगदाणे भाजायला घेतले की ती पदर नाकाला लावून अंगणात जायची. सोलापूरच्या बाईला भाजक्या शेंगदाण्याचा वास सोसेना, यावरून काय ते समजा. चार घास खाल्ले की गळ्यापर्यंत भरल्यासारखं व्हायचं. पण वजन उतरत होतं. एके शुक्रवारी माझ्या दाराची पायरी ती कठड्याला न धरता चढली आणि वर येऊन अशी उभी राहिली, जणू टाळ्यांची वाट बघतेय. मी वाजवल्या.

अडचण होती सोमवारची. तिला सांभाळून घ्यायला मीही शेवटच्या पंगतीत तिच्या शेजारी बसायला लागलो. सिद्धलिंगप्पा टोपली घेऊन आले.

"पुरे, अप्पा," गंगम्मा म्हणाली.

पंगत खदखदून हसली. गंगम्मानं 'पुरे' म्हणणं हाच मोठा विनोद होता.

"आज सापडलीस!" सिद्धलिंगप्पा म्हणाले. "आमी पुरे म्हणताना कधी ऐकलंस? घे, घे!" आणि दोन भाकऱ्या पडल्या.

तिनं माझ्याकडे बघितलं. मला दुसरं काय येतं? मी ताटावरून उठलो, छाती काढली आणि जुन्या आवाजात गरजलो, "थांबा, सेनापती! ज्या हातांनी गड राखला, त्या हातांनी अबलांवर भाकऱ्यांचा मारा?" सगळे माझ्याकडे बघेपर्यंत तिनं दीड भाकरी माझ्या ताटात सरकवली होती. उष्टी नव्हती, चालून गेलं. पुढच्या सोमवारीही साधलं. त्यानंतर मात्र सिद्धलिंगप्पा म्हणाले, "देवदत्तअण्णा, नाटक जेवण झाल्यावर करा."

त्याच्या पुढच्या सोमवारी हुग्गी होती. गंगम्मा सकाळीच माझ्या दारात येऊन हळूच म्हणाली, "आज काळजी न्हाय. कालपासून काय खाल्लं न्हाय की पाणी न्हाय. जागा करून ठेवलीया."

मला ते पटलं. रिकाम्या पोटात जागा होणारच, असं मीही धरून चाललो.

तिनं सगळं संपवलं. हुग्गी, दोन भाकऱ्या, आमटी. प्रत्येक घास ती चावत नव्हती, ढकलत होती. कपाळावर घाम होता, तरी सिद्धलिंगप्पांकडे बघून हसत होती. ताटात पाणी ओतलं, निपटलं, प्याली. उठली, अंगणातल्या नळापर्यंत पोचली आणि तिथंच सगळं बाहेर पडलं.

प्रसाद जमिनीवर पडला होता. बायका धावल्या, "असू दे, असू दे" म्हणाल्या, पण ती कुणाला हात लावू देईना. मोडक्या गुडघ्यांवर बसून, आपल्या पदरानं, ती ते गोळा करत होती. मी दोन हात अंतरावर उभा होतो. तिथंच ती कलंडली.

दवाखान्यात सलाइन लागलं. तिचा मुलगा संगमेश टॉवेलच्या कारखान्यातून तसाच धावत आला. डॉक्टर श्रावणी रागावल्या, पण आवाज न चढवता.

"आजी, या औषधानं पोट सावकाश रिकामं होतं. उपाशी राहून जागा होत नसते. आणि पाणी बंद केलंत, हे तर फार वाईट. थोडं थोडं खायचं, पाणी पीत राहायचं आणि भरल्यासारखं वाटलं की थांबायचं. ताटात राहिलं तर राहू द्या."

"ते जमायचं न्हाय, बाई."

"मग कमी वाढून घ्या."

"मी कमी घेईन. पण वाढणारा कमी वाढंल का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सलाइनच्या बाटलीकडे.

"आई, सांगून टाकू की सगळ्यांना," संगमेश म्हणाला.

"सांग. मग मला कोण आग्रह करंल? आन सुई सोडली तर गुडघं तसंच. तूच सांग बाबा, कुठलं सोडू?"

तो तिच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत राहिला.

डॉक्टरांनी औषध काही दिवस थांबवलं आणि पुन्हा लहान डोसपासून सुरू केलं. संगमेशनं मठात जाऊन सगळं सांगितलं. सिद्धलिंगप्पा रडले. मी मारलं असतं रे तिला, म्हणाले.

त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी तिच्यापुढे एक छोटी ताटली ठेवली. चतकोर भाकरी, दोन चमचे आमटी. हात जोडले आणि लांब जाऊन उभे राहिले. कुणी चेष्टा केली नाही. शेजारची बाई म्हणाली, "सावकाश होऊ दे हं, गंगम्मा." कुणी वाईट वागलं नाही, सगळे जिवाभावाचेच होते. पण भरल्या थिएटरात एकही माणूस हसत नाही तेव्हा जसं वाटतं, तसं मला वाटलं. गंगम्मानं चतकोर संपवली, ताटली धुऊन पाणी प्याली आणि उठली. मग ती पंगतीला बसेनाशी झाली. भाकऱ्या करते, वाढते आणि घरी जाऊन वाटीभर काहीतरी खाते.

वजन चांगलं उतरलंय. हाडांचे डॉक्टर म्हणतात, आणखी थोडं उतरलं की ऑपरेशनची तारीख देतो. दंडही उतरलेत, चरबीबरोबर मांसही जातं म्हणे. भाकरी पूर्वीसारखी पातळ थापली जात नाही. श्रावणीबाईंनी डाळ, दही खायला आणि पाण्याच्या बाटल्या उचलायला सांगितलंय, ती उचलते. शुक्रवारी येते, मी वळून उभा राहतो. "झालं," एवढंच म्हणते.

गेल्या सोमवारी मी पंगतीत बसलो होतो. टोपली माझ्यापर्यंत आली. एक भाकरी झाली होती. मी ताटावर हात आडवा धरला, मान जरा वर केली, तोंडात हसू तयार ठेवलं.

"पुरे गं, गंगम्मा."

ती थांबली. माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले.

"बरं, अण्णा," ती म्हणाली आणि टोपली पुढच्या ताटाकडे नेली.

समोरचा नट वाक्य विसरला तर सांभाळून घ्यायची मला सवय आहे. पण ती काही विसरली नव्हती. परत बोलवावं असं वाटलं, पण काय म्हणून बोलवणार? माझा हात ताटावर तसाच आडवा राहिला होता, आणि पोटात एका भाकरीची जागा होती. मी ताटात पाणी ओतलं, बोटानं निपटलं आणि प्यालो.