हाताची घडी, पण मोठ्यांची

मालतीताईंची आणि माझी पहिली भेट पंधरा वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या खोलीत झाली. मी मदतनीस म्हणून काम मागायला गेले होते. आत पाहते तो काय, चार आया भिंतीला टेकून शाळकरी मुलींसारख्या हाताची घडी घालून बसलेल्या, आणि समोर त्यांची मुले घामाघूम होऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. बायकांना कसली शिक्षा झाली आहे, असेच मला वाटले. ताई म्हणाल्या, "शिक्षा नव्हे, हाच उपचार. पोरांवर कमी, आयांवर जास्त."

वाढ मागे पडलेल्या मुलांना रोजची कामे स्वतः करायला शिकवायची, हा ताईंचा व्यवसाय. तेव्हा कोल्हापुरात त्याचे नावही फारसे कुणी ऐकले नव्हते. लोक त्यांना 'हाताच्या बाई' म्हणत. शेंगा, कणकेचा गोळा, शर्टाची बटणे आणि झाकणाचा डबा, एवढ्यावर त्यांचे सारे काम चाले.

ते काम मला खरे कळले ते रेश्मामुळे. तिचे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. आई खैरूनबी तिला घेऊन आठवड्यातून दोनदा एस.टी.ने येत. रेश्मा सात वर्षांची, पण बोटांत जोर नाही आणि बोलणेही मोजके. तिकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी बजावले होते, "मुलगी आपला डबा आपण उघडून खात असेल तरच घेईन." कामासाठी कोल्हापुरात आल्या की त्या स्वतः पाहून जाणार होत्या.

तो दिवस उजाडला आणि माझ्याने राहवेना. त्या यायच्या आधी मी डब्याचे झाकण हळूच सैल करून ठेवले. ताईंनी डबा हातात घेतला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि झाकण तळव्याने गच्च दाबून बसवले. मला त्यांचा संताप आला. आज गौरवलेख लिहिते आहे म्हणून खोटे कशाला सांगू?

रेश्मा झटू लागली. झाकण हलेना. मुख्याध्यापिका घड्याळाकडे पाहू लागल्या. खैरूनबी अर्ध्या उठल्या.

"बाई, येवढ्या बारीला मी काढून देतो की. लेकराची शाळा जातीया वो!"

"म्हणूनच बसा. हाताची घडी," ताई म्हणाल्या. आणि त्यांनी स्वतःही हाताची घडी घातली.

रेश्माने डबा गुडघ्यांत धरला, दातओठ खाऊन जोर लावला, आणि झाकण असे उडाले की बटाट्याचा रस्सा थेट मुख्याध्यापिकांच्या पातळावर! मी फडके शोधायला धावले. रेश्माने मात्र भाकरी मोडली आणि उरलेल्या भाजीशी निवांत खाऊ लागली. मुख्याध्यापिकांनी पदर झटकला. "सोमवारपासून पाठवा," त्या म्हणाल्या, "आणि भाजी सुकी द्या."

खैरूनबींना रडू आवरेना, तेव्हा ताईंनी त्यांना जवळ घेऊन बसवले आणि स्वतः चहा करून पाजला. मला त्यांनी नंतर एकटीला गाठले. "तुला दया आली, त्यात वाईट काही नाही. पण शाळेत रोज झाकण सैल करून कोण देणार होतं गं?" चारचौघांत त्यांनी ती गोष्ट कधीच काढली नाही. आज मीच काढते आहे.

गेल्या महिन्यात ताईंच्या मोडलेल्या मनगटाचे प्लास्टर निघाले. रेश्मा भेटायला आली. आता ती शिवणकाम करते. तिने आणलेल्या लाडवांचा डबा ताई स्वतःच उघडू लागल्या. बोटे आखडलेली, झाकण घट्ट. मी हात पुढे केला, तर रेश्माने तो धरून ठेवला.

"गप बसा की, बाई. उघडत्यात त्या."

मग आम्ही दोघी हाताची घडी घालून बसलो. फार वेळ लागला. ते बसणे किती जड जाते, हे मला त्या दिवशी कळले. शेवटी झाकण निघाले आणि पहिला लाडू ताईंनी रेश्माच्या हातावर ठेवला.

साठीच्या सोहळ्यात ताईंच्या खांद्यावर शाल आम्ही घालणार आहोत, तेवढे ताईंनी सोसावे. पुढे मात्र पुष्कळ वर्षे त्यांनी आपला डबा आपल्याच हाताने उघडावा, आणि आम्ही समोर हाताची घडी घालून बसलेले असावे, एवढेच मागणे आहे.