झाकणाच्या बिळातला कोळी

दवाखान्यात सुईआधी दंडाला स्पिरिट लावतात. त्या वासानं मला आमच्या गावाकडं किडे-कोळी शोधत आलेला कॉलेजचा एक सर आठवतो.

चौऱ्याहत्तर साल असंल. जतला आमच्या अंगणाच्या कडेला मातीच्या बिळाला झाकण करून राहणारा कोळी त्याला सापडला. कुठल्याच पुस्तकात न्हाई म्हणाला. स्पिरिटच्या बाटलीतनं काढून भिंगाखाली धरायचा आणि लिहायचा : डोळे आठ, पायाला काटे, पोटावर पिवळा पट्टा. पण सापडल्या त्या सगळ्या माद्या. नराशिवाय वर्णन अपुरं, म्हणून तो वैतागला होता.

माझी बायको अंगण सारवत होती. ती झाकणं तेवढी सोडून सारवायची. शेणाच्या हातानंच म्हणाली, "आवं सर, नर बारीक असतोय. तोंडापुढं त्याला दोन मुठी वळल्यागत असत्यात, त्यानं तो..."

"गप गं," मी म्हणालो. "तुला काय कळतंय त्यातलं? च्या ठेव जा."

ती उठून आत गेली. सर नराविनाच परत गेला.

त्या मुठींनी नर काय करतो, ते तिनं बघितलं होतं. पुढं चाळीस वर्षं संसार केला, पण मी एकदाबी विचारलं न्हाई. ती जाऊन आठ महिने झाले. आता कुणाला विचारू?