मामांच्या हातची विभूती

शेवटची भेट झाली तेव्हा मन्मथमामा जिंतूरच्या आपल्या बॅटरीच्या दुकानात बशीत चहा ओतत बसले होते. मी सासरी, गंगाखेडला निघाले होते. बशी खाली ठेवून त्यांनी कोनाड्यातल्या वाटीतून विभूतीची चिमूट घेतली, माझ्या कपाळाला लावली आणि उरलेली माझ्या जिभेवर ठेवली. पुढच्याच महिन्यात मामींचा फोन आला. मी गंगाखेडच्या आमच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर साड्या उलगडत होते. "मामा उठंना गेलेत गं," एवढंच त्या बोलल्या...

मामा राहत्या घरातच, दुकानामागच्या खोलीत, जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं कढईत वितळवायचे आणि त्याचे बॅटरीचे नवे भाग ओतायचे. लहानपणी आम्हाला त्या कढईचं भारी वेड. वितळलेलं शिसं आरशासारखं चमकायचं, वाकून पाहिलं की आपलं तोंड दिसायचं. मग वर करडी साय धरायची आणि तोंड हळूहळू पुसलं जायचं. आम्ही किंचाळून पळायचो अन् मामा हसायचे. त्याच आतल्या खोलीत, तळहातावर इष्टलिंग घेऊन, ते रोज पूजा करत. विभूतीची वाटी तिथंच, उघडी. इतरांच्या घरची विभूती पांढरीफटक असते. मामांची करडी आणि जड. गल्लीत सगळे म्हणायचे, "मन्मथअप्पाच्या विभूतीला वजन हाय." दर सोमवारी बाया आजारी लेकरं घेऊन यायच्या. मामा एक चिमूट कपाळाला लावत, एक जिभेवर ठेवत. "मामा, डॉक्टरांचा धंदा बुडवायलात तुमी," मी चिडवायची. "बुडू दे की," ते म्हणायचे.

मग मामांचंच दुखणं सुरू झालं. आधी पोटात कळा, मग बोटाला लागलेला साधा पत्रा, पण ती जखम सगळा पावसाळा भरली नाही. पाठीवर गळवं. साधं पडसं झालं तरी छातीत उतरायचं. हसले की हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसायची, आणि ती दिसली की मी नजर दुसरीकडे वळवायची. मामींनी दृष्ट काढली. शेवटी मी त्यांना ओढूनच परभणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. श्वासातून, हातातोंडातून ते अंगात जातं, हाडांत बसतं आणि वर्षानुवर्षं झिरपत राहतं, असं त्यांनी समजावलं. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, त्यांचं कामच ते बिघडवतं. "राखणदार आहेत, पण राखण होत नाही," बाई म्हणाल्या. "सगळं त्याच्यामुळंच, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण हे काम सोडा." मामा हसले. "शिशानंच दोन पोरी उजवल्या, बाई. ते मला काय करतंय?" हट्टी माणूस! मला अजून राग येतो त्यांचा.

शेवटच्या आठवड्यात ते नुसते झोपून होते. मामी सारखा कपाळाला हात लावून बघायच्या, तर अंग गार. "ताप न्हाई, मग काय न्हाई," म्हणून घर निश्चिंत, गल्ली निश्चिंत. शेवटी दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढला तेव्हा दोन्ही फुप्फुसं न्यूमोनियानं भरलेली. ताप म्हणजे अंग रोगाशी भांडतंय; थकलेलं अंग कधीकधी तापतही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरात चोर शिरावा आणि दारातलं कुत्रं भुंकूच नये...

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. मामांना बसवलं आणि मामींनी त्याच वाटीतली विभूती त्यांच्या तोंडाला लावली. त्या करड्या थराखाली मामांचं तोंड हळूहळू दिसेनासं झालं, आणि मला एकदम कढईवरची साय दिसली. रंग तोच होता.

महिन्याचं कार्य उरकलं त्या सोमवारी शेजारची कमलबाई नातीला घेऊन आली. मामींचा हात वाटीकडे गेला आणि मी त्यांचं मनगट धरलं. कमलबाई गेल्यावर सगळं सांगितलं, कढईतल्या शिशाची धूळ त्या उघड्या वाटीत पडत आली असणार ते. मामींनी वाटी जवळ ओढली.

"म्हंजी ह्यांनी गल्लीला इख वाटलं म्हणायलीस?"

"त्यांना ठाऊक नव्हतं, मामी."

विभूती फेकता येत नाही, आणि गोदावरीत सोडायला मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटी फडक्यात बांधली, मामांच्या समाधीशेजारी खोल खड्डा करवला आणि ती पुरली. "त्येंचं त्येंच्यापाशी," म्हणाल्या. मग ही बाई एकटी घरोघर गेली आणि नवऱ्याचं नाव घेऊन सांगत फिरली, की लेकरांचं रक्त तपासून आणा. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. कमलबाईच्या नातीच्या रक्तात शिसं निघालं. थोडं आहे, उतरेल म्हणतात.

तरी गल्लीची सवय सुटत नाही. परवाच्या सोमवारी मी तिथंच होते. कमलबाई नातीला कडेवर घेऊन पुन्हा दारात उभी. मामींनी रिकामा तळहात पोरीच्या कपाळावर ठेवला, मामांसारखेच डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच धरला. मग त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं, आणि त्या हसत होत्या.

"तापलंय गं लेकरू. लय तापलंय. त्याचं अंग अजून भांडायलंय... चल, आत्ताच दवाखान्यात जाऊ."