चाबी परत मिळेपर्यंत

अमरावती ते अकोला हे अपडाऊन मी अकरा वर्षांपासून करतो आहे. गाडी माझी आणि चालवणाराही मीच. सोबत तिघं असतात. मागे बँकेतल्या मॅडम आणि शाळेत गणित शिकवणारे सर, पुढे माझ्या बाजूला आमच्याच ऑफिसातले बडे बाबू. सकाळी साडेसातला बडनेऱ्याला सगळे गोळा होतात, मग लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव करत साडेनवाच्या आत आम्ही अकोल्यात असतो.

आमच्या गाडीत गप्पा फार चालायच्या. बाकीच्या गाड्यांमधली माणसं लोणी यायच्या आत माना टाकतात, आमच्याकडे कोणाचा डोळा लागत नसे. त्यातही मला जास्त विचारलं जाई. 'भाऊ, यंदा कपाशीचं काय वाटते?' 'भाऊ, पोरीले इंजिनीअरिंगले टाकू का फार्मसीले?' कपाशीतलं मला काही कळत नाही. पातूरजवळ आमच्या घरचा भाजीपाला आणि झेंडू असतो, तोही वडील बघतात. तरी मी उत्तर देत असे, आणि ते लोणीपासून मूर्तिजापूरपर्यंत पुरत असे. आपल्या मताला चार लोकांत किंमत आहे असा माझा समज होता, आणि तो मला आवडत होता.

होळीनंतरच्या एका सकाळी, लोणी ओलांडल्यावर, सर मला असंच काहीतरी विचारत होते. प्रश्न मला आठवतो: घराला दक्षिणेकडून दार केलं तर चालतं का. उत्तर आठवत नाही, कारण ते मी दिलंच नाही. गाडी डावीकडे उतरली, कडेच्या मुरमावरून खडखडत गेली आणि एका बाभळीच्या अलीकडे थांबली. थांबवली बाबूंनी, हँडब्रेक ओढून.

"झोपले काय भाऊ?" बाबूंनी विचारलं.

"विचार करून राहिलो होतो," मी म्हणालो.

मॅडम खाली उतरल्या आणि वळसा घालून माझ्या दाराशी आल्या. आवाज बँकेतलाच होता. "चाबी द्या भाऊ. माह्या घरी दोन पोरी हायेत."

चाबी सरांकडे गेली. मी माझ्याच गाडीत मागच्या सीटवर बसलो. मला फार अपमान वाटला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली, पण अपमान वाटणं सोपं होतं म्हणून तोच वाटून घेतला. सर गाडी गणितासारखी चालवतात, एकेक पायरी दाखवून. त्या दिवसापासून गाडीतल्या गप्पाही बंद पडल्या. बाबू पुढच्या सीटवर आणि मॅडम मागे, दोघंही खुशाल झोपू लागले. मला वाटलं, माझा अपमान झाल्याचं यांना दुःख झालं असावं.

बायकोनं मला अमरावतीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, घोरता का. मी नाही म्हणालो. बायकोनं छताकडे पाहिलं. त्यानंतरचे सगळे प्रश्न डॉक्टरांनी तिलाच विचारले.

"हे घोरतेत त घोरू द्या," ती म्हणाली, "पण मधातच बंद पडतेत. एकदम चूप. मंग मी मोजतो. वीस झाले का कोपर मारतो."

"किती दिवसांपासून?"

"झाले असतीन चार वर्सं."

चार वर्षं मला वाटत होतं, तिला पलंगावर जागा पुरत नाही. मी आपला दर वेळी भिंतीकडे सरकत होतो.

छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाशी नळी लावून मला घरीच एक रात्र झोपवण्यात आलं. झोपेत दर तासाला श्वास किती वेळा थांबला, त्याचा आकडा अहवालात आला. डॉक्टरांनी त्या आकड्याभोवती पेनानं गोल केला, मग त्या गोलाभोवती आणखी एक. ते म्हणाले, "तुम्हाला वाटतं तुम्ही रात्रभर झोपता. प्रत्यक्षात तुमचा मेंदू रात्रभर तुम्हाला उठवत बसतो, म्हणून दिवसा डोळा लागतो. मी सांगेपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही." उपाय म्हणजे एक मशीन. ते उशाशी ठेवायचं, त्याची नळी नाकावरच्या मास्कला जोडायची, आणि त्या हवेच्या जोरानं घसा मोकळा राहतो.

ही हकिकत मी गाडीत सांगितली. मशीन किती तास वापरलं ते कळतं का, असं मॅडमनी विचारलं. कळतं, सकाळी पडद्यावर आकडा येतो. "मंग रोज त्याचा फोटो गाडीच्या ग्रुपवर टाका," मॅडम म्हणाल्या. "महिनाभर बराबर झोपले, अन् डॉक्टर हो म्हणाले, का चाबी तुमची." माझ्या झोपेवर बँकेची तपासणी बसली.

मशीनच्या आवाजाचं सगळ्यांनी भय घातलं होतं. आमच्या कूलरचा आवाज असा, की मशीन चालू आहे की नाही हे हात लावून पाहावं लागे. त्रास होता तो मास्कचा. बायको तो माझ्या तोंडावर बसवून पट्टे ओढायची, मी डोळे मिटायचो, आणि कोणीतरी नाक दाबून सायकलच्या ट्यूबसारखी हवा भरतं आहे असं वाटायचं. बोलायला तोंड उघडलं की सगळी हवा तोंडातून बाहेर. पहिल्या रात्री दहा मिनिटांत मी तो काढून फेकला. सकाळी पडद्यावर दहा मिनिटं आली. तो फोटो मी टाकला नाही.

मग मी एक शहाणपणा केला. संध्याकाळी टीव्हीसमोर मास्क नाकाशी हातानं धरून बसू लागलो. बातम्यांचा एक तास, क्रिकेटचे दीड तास, आणि रात्री जमेल तेवढं. आकडे झकास येऊ लागले. मी फोटो टाकत होतो, मॅडम त्याखाली शाबासकीचा अंगठा टाकत होत्या. पाचव्या दिवशी सरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, काल साडेअकराले तुमी ग्रुपवर मॅचचं टाकलं. सकाळी पाचले फुलांचा फोटो टाकला. मधात झाले साडेपाच तास. मशीन म्हणते आठ. मंग उरलेले अडीच कोठचे?"

गणिताच्या माणसाला गाडीत घेऊ नये. मॅडम एवढंच म्हणाल्या, की महिना आजपासून.

त्या संध्याकाळी मी मशीनला आणि ते बनवणाऱ्यांना बरंच काही बोललो. बायकोनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एप्रिल महिन्यात दुपट्टा बांधून जाता तवा गुदमरते काय तुमाले?"

आमच्याकडे उन्हाळ्यात घराबाहेर पडायचं म्हणजे डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात बांधायचं. नाक, तोंड, कान, डोकं. मी लहानपणापासून बांधतो आहे आणि कधी गुदमरलो नाही. "काहून नाई गुदमरत? तुमचा तुमी बांधता म्हणून," ती म्हणाली. "हाही तुमचा तुमीच बांधा." इतके दिवस ती बांधून देत होती आणि मी हजामतीला बसल्यासारखा बसत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, रविवार होता, मी मास्क दुपट्ट्यासारखा आपल्या हातानं बांधला, आधी नाक, मग कानामागून पट्टे, आणि तसाच तिच्याबरोबर मेथी निवडत बसलो. भाजीवालीनं दारातून विचारलं, "काय झालं वो ताई, सायेबाले?" बायको म्हणाली, "काई नाई. सवय करून राहिले."

सवय झाली, पण मास्कच्या कडेनं हवा शिट्टी वाजवत सुटायची. कारण मिशी. माझी मिशी चांगली होती. दोन दिवस मी दोन्ही बाजूंचा विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ती काढून टाकली. आमच्याकडे बाप असेपर्यंत कोणी मिशी काढत नाही, हे घाईत लक्षात राहिलं नाही. ऑफिसात तिघंजण खुर्चीजवळ येऊन 'कवा झालं?' असं हळू आवाजात विचारून गेले. एकानं माझ्या रजेचा अर्जही लिहून आणला. नुसती सही बाकी होती.

पुढच्या रविवारी गावी गेलो तर वडील वांगी तोडत होते. त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

"काहून बे, मी मेलो काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. श्वास थांबतो ते, गाडी खाली उतरली ते, चाबी गेली ते. गाडीचं मी आधी गावी कोणाला सांगितलं नव्हतं. वडील ऐकत होते आणि वांगी टोपल्यात टाकत होते. शेवटी म्हणाले, "मिशा येतेत वापस. तू झोप." आणि पुढच्या ओळीत गेले.

त्या आठवड्यात मी एक रात्र सलग सात तास झोपलो. कित्येक वर्षांनी स्वप्न पडलं. स्वप्नात मी ऑफिसातच होतो, तरी बरं वाटलं. सकाळी बायको अजून झोपलेली होती. तिला मोजावं लागलं नव्हतं.

महिना भरला. डॉक्टरांनी नवा आकडा पाहिला आणि त्याला गोल केला नाही. म्हणाले, चालवा आता. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला सरांनी चाबी माझ्या हातात ठेवली आणि मॅडमशेजारी मागे जाऊन बसले.

लोणी जवळ आलं तरी कोणी मला काही विचारलं नाही. कपाशी नाही, फार्मसी नाही. मी स्वतःच एक विषय काढला, त्यावर बाबूंनी डोळे मिटूनच 'हं' केलं. मला राग आला.

"काय बा, मी चालवून राहिलो म्हणून नाराज हाय काय सगळे?"

"नाराज काहून राहू?" बाबू म्हणाले. "तीन वर्सं बोललो ना भाऊ. बडनेरा ते लोणी मॅडम, लोणी ते मूर्तिजापूर सर, पुढं मी. तुमचा डोळा लागू नाई म्हणून पाळी लावली होती. रोज रोज प्रश्न आणाव कोठून? आता झोपू द्या."

"अन् ते कपाशीचं?"

"माह्याजवळ कोठी शेत हाय!"

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"दोनदा सांगतलं. तुमी म्हणाले, विचार करून राहिलो."

म्हणजे रात्री एक माणूस आणि दिवसा तीन, अशा पाळ्या लागल्या होत्या, आणि ज्याच्यासाठी लागल्या होत्या तो मतं देत बसला होता. मला लाज वाटली. ही माणसं थकून जात असतील, हेही मला कधी दिसलं नव्हतं. मग भरून आलं. पण स्टेअरिंग हातात असताना डोळे भरून येणं बरं नाही, म्हणून आवरलं.

बाबू झोपले, सरही झोपले. मॅडम जाग्या होत्या. आरशात मला त्यांचा चष्मा दिसत होता, आणि चष्म्यातून त्या माझ्या डोळ्यांकडे पाहत होत्या. त्यांचं बरोबरच होतं. मी सत्तरवर काटा ठेवला आणि रस्त्याकडे पाहत राहिलो. मूर्तिजापूर आलं, गेलं. थोड्या वेळानं मी पुन्हा आरशात पाहिलं. मॅडमनी चष्मा काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला, दुपट्टा तोंडावरून ओढून घेतला आणि मान मागे टेकवली.

बोरगावजवळ म्हशी आडव्या आल्या. मी गाडी उभी केली आणि शेवटची म्हैस पलीकडे जाईपर्यंत थांबलो. अकोला येईस्तोवर मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.