रविवारीच मरणारा राऊटर

"दादा, तुमचं नेट रईवारीच का मरतंय वो?"

सुनंदाताई पाथर्डीजवळच्या हंगामी वसतिगृहाच्या अधीक्षक. ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं तिथं राहतात. मोबाईलला रेंज नाही. म्हणून रविवारी संध्याकाळी आमच्या इंटरनेट कंपनीच्या वायफायवर आईबापांशी व्हिडिओ कॉल होतो. आठवड्यातून एकदाच. तोच सलग तीन रविवार तुटला होता.

मी नगरच्या मुख्य ऑफिसात सरांना फोन लावला.

"सोमवारी रीस्टार्ट मारतोस ना? आता शनिवारीपण मार."

"सर, तो इलाज नाही. रोग झाकणं आहे."

"भाषण नको. तालुक्याला इंजिनिअर तू एकटा. झेपेल तेवढं कर."

एकटा तर होतोच. रविवारी बंद ऑफिसात बसलो. वसतिगृहाला नेट पुरवणारा राऊटर इथलाच; त्याच्या पंख्याशिवाय आवाज नव्हता. मेमरीचा ग्राफ उघडला. मेमरी म्हणजे राऊटरचं कामाचं टेबल. काम संपलं की कागद उचलायचे. इथं ते साचतच होते. यालाच मेमरी लीक म्हणतात. सोमवारच्या रीस्टार्टनं टेबल मोकळं, पुढच्या रविवारपर्यंत गच्च. मग राऊटर हँग.

मी पेटलो. राऊटर बनवणाऱ्या कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. 'कष्टकऱ्यांच्या लेकरांचा आवाज दाबणारं यंत्र' असंही त्यात होतं. सोबत पुरावा हवा, म्हणून उघड्या सेशनची, म्हणजे बंद न केलेल्या लॉगिनची, यादी काढली; असं प्रत्येक सेशन म्हणजे टेबलावर राहिलेला एक कागद. हजारो सेशन. सगळी एकाच युजरची.

माझी.

राऊटर जिवंत आहे का, हे दर मिनिटाला आपोआप तपासणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मीच लावली होती. ती लॉगिन करायची, विचारायची आणि लॉगआऊट न करताच निघून जायची. रिकामं सेशन आपोआप बंद होण्याची सोयही मीच काढली होती. सारखं लॉगिन करायचा कंटाळा.

स्क्रिप्टमध्ये लॉगआऊटची एक ओळ घातली. शेवटचं रीस्टार्ट मारलं. आठवडाभर हात लावला नाही. ग्राफ सपाट राहिला.

रिपोर्टमध्ये चूक माझ्या नावावर लिहिली. सर म्हणाले, "ग्राहकाला लाईटचा प्रॉब्लेम सांग."

रविवारी वसतिगृहात गेलो. टॅबसमोर पाचवीतली पायल पडलेला दात आईला दाखवत होती. तिकडं आई उसाच्या पाचटावर बसून हसत होती.

"ताई, चूक आमची होती. माझी."

"बरं. जरा सरका, पोरीच्या तोंडावर सावली पडतीय."

सरकलो. मग निघालोच.

पत्र अजून ड्राफ्टमध्ये आहे. आता कुणाविरुद्ध लिहिण्याआधी मी यादीत स्वतःचं नाव शोधतो. वसतिगृहातून नंतर फोन आला नाही. नेट चालू असलं की इंजिनिअरची आठवण कुणालाच येत नाही.