बिनचेहऱ्याचे मास्तर

चीनमधल्या शियांगयांग शहराच्या नदीकाठच्या चौकात पेई युनश्याचा स्पीकर सुरू झाला की आजूबाजूच्या इमारतींत गजर लावायची गरज उरत नसे. चाकांवरचा, कमरेएवढा उंच स्पीकर. त्याच्यामागे नाचायला जमलेल्या, लाल टी-शर्टातल्या चाळीसेक बायका. आणि सगळ्यांच्या पुढे, पाठमोरी, युनश्या. सूतगिरणीतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी ती हे राज्य चालवत होती. राज्य चालवायला लागणारे दोन्ही गुण तिच्यात होते. तिला दम लागत नसे आणि दुसऱ्याचं ऐकू येत नसे.

चौकाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, जिंको झाडाखाली, म्हातारा मू आणि त्याची सात-आठ माणसं हवेत संथ हात फिरवत ताई-चीचा व्यायाम करत. "माशा पकडतायत," युनश्या बायकांना सांगे, "त्याही म्हाताऱ्या माशा बघून." एकदा मू स्वतः चालत आला होता, काहीतरी सांगायला. युनश्यानं कानामागे हात धरला, "काय म्हणता?" असं ओरडली आणि आवाज आणखी दोन घरं वर चढवला. मू थोडा वेळ तोंड हलवत उभा राहिला आणि परत गेला. वाटाघाटी संपल्या.

मग तो हिवाळा आला, ज्यात सगळं शहर तापानं फणफणलं. युनश्याचा ताप आठवड्यात उतरला, पण जाताना बरंच काही घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छाती भात्यासारखी वरखाली होई. रस्सा दोनदा खारट होई, कारण मीठ घातल्याचं आठवत नसे. आठ-आठ गाण्यांच्या नाचातलं पाऊल न् पाऊल पाठ असलेली बाई तिसऱ्या पावलावर उभी राहून "आता कुठला पाय?" असा विचार करू लागली.

तिची सहायक ताओ हुई स्पीकर स्वतःच्या घरी घेऊन गेली. "अक्का, जागा तुझीच आहे," ती म्हणाली. "फक्त जुलैत जिल्ह्याची स्पर्धा आहे. जूनमधल्या मुलांच्या परीक्षा संपल्या की एक गाणं पुरं नाचून दाखव, पुढे तूच. नाहीतर मग… बघू." ह्या "बघू"चा अर्थ युनश्याला नेमका कळला. हा शब्द तिनं स्वतः आयुष्यभर वापरला होता.

डॉक्टरांनी फुफ्फुसं तपासली, एक्स-रे पाहिला, काही दिसत नाही म्हणाले आणि ताई-ची लिहून दिली.

"मी? त्या मूच्या रांगेत?"

"आई, मूकडे नाही," मुलगी मिन म्हणाली. "फोनमध्ये. हॉस्पिटलचं ॲप आहे. घरात, दार लावून." मिननं ॲप टाकून दिलं. पहिल्याच पानावर बारीक अक्षरांचा ढीग होता. युनश्यानं चष्मा न लावता "मान्य आहे" दाबलं.

पडद्यावर एक निळसर, बिनचेहऱ्याचा माणूस उभा राहिला आणि त्यानं हात उचलले. आवाज मात्र माणसाचा होता, जुन्या लाकडासारखा कोरडा. "खांदे सोडा. श्वास ओढू नका, येऊ द्या. घाई कशाला? नदी काही पळून चालली नाही."

युनश्यानं फोन थांबवला, स्वयंपाकघरात गेली आणि चांगल्या कपात चहा ओतून आणला. दोन्ही हातांनी तो फोनपुढे ठेवून कमरेत वाकली. "मास्तर, सांभाळून घ्या."

मिन हसून हसून पलंगावर पडली. "आई, ते चित्र आहे!"

"असू दे. शिकवतंय ना?" युनश्याची आई विणकर होती. गुरूच्या हाती चहा दिल्याशिवाय शिकलेलं हातात उतरत नाही, अशी तिची पक्की समजूत होती. आणि एकदा चहा दिला की त्या माणसासमोर जन्मभर आपली पायरी ओळखून वागायचं, अशीही. दुसरा भाग युनश्याला तेव्हा फारसा महत्त्वाचा वाटला नाही. चित्रासमोर वागायचं ते काय?

कॅमेरा तिच्या सांध्यांवर हिरवे ठिपके टाकी आणि चुकलेला ठिपका लाल करी. सुरुवातीला ती नाताळच्या झाडासारखी लुकलुके. पण मास्तर चिडत नसत. नवरा दिवसभर हान नदीवर गळ टाकून बसे, मिन कामावर जाई; मग युनश्या मास्तरांशीच बोलू लागली. "मास्तर, तुमच्यात आणि आमच्या चौकातल्या मूमध्ये काय फरक हो! उभा राहतो बगळ्यासारखा. तोंड म्हणजे कुजका भोपळा. त्याला काय येतंय? तुमच्या नखाची सर नाही." मास्तर म्हणत, "खांदे सोडा."

वसंत सरत आला तेव्हा एकदा भाजीची पिशवी घेऊन ती दारापर्यंत आली आणि किल्ली फिरवताना लक्षात आलं, मध्ये कुठे थांबलोच नाही. ती तशीच दारात उभी राहिली. मग आत जाऊन फोनला म्हणाली, "मास्तर, जमलं."

जूनमध्ये कॉलेजप्रवेशाच्या मोठ्या परीक्षा आल्या. त्या दिवसांत शहर पाय न वाजवता चालतं. टॅक्सीवाले भोंगा दाबत नाहीत आणि चौकातले स्पीकर मुकाट्यानं घरी बसतात. युनश्या सकाळी बीफ नूडल्स खाऊन, वर तिथल्या रीतीनं वाटीभर तांदळाची गोड दारू पिऊन चौकात गेली. परीक्षा संपताच मी पुढे उभी राहणार, असं ताओ हुईला समोरासमोर सांगायला.

चौक इतका शांत तिनं कधी पाहिला नव्हता. नदीचासुद्धा आवाज येत होता. आणि जिंकोखालून दुसराही एक.

"खांदे सोडा. घाई कशाला? नदी काही पळून चालली नाही."

युनश्यानं वळून पाहिलं, बोलत होता मू. ती बाकावर बसली नाही, बाकावर पडली. इतकी वर्षं ज्या माणसाशी तिनं चौकासाठी लढाई केली त्याचा आवाज तिनं आज पहिल्यांदा ऐकला होता, आणि तो तिला पाठ होता.

वर्ग संपल्यावर मूच तिच्याकडे आला.

"फोनमध्ये… तुम्ही?"

"फोनमध्ये तो निळा," मू म्हणाला. "मी हा. हॉस्पिटलच्या पोरांनी अंगाला बटणं चिकटवली आणि उचला हात, ठेवा हात करायला लावलं; त्यावरून तो हलतो. डावी टाच तुम्ही अजून लवकर उचलता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दर आठवड्याला चित्रण येतं ना माझ्याकडे, तपासायला. तुम्ही मान्य केलंय. पहिल्याच पानावर."

युनश्याच्या डोळ्यांपुढून सबंध वसंत ऋतू गेला: अस्वलांच्या छापाचा पायजमा, केसांना लावलेले रोलर्स, मध्येच खाल्लेल्या सूर्यफुलाच्या बिया.

"आवाजासकट?"

"आवाजासकट." मूनं थोडा विचार केला. "बगळा पटला. आमच्यात बगळ्यासारखं उभं राहणं चांगलंच समजतात. भोपळा जरा लागला."

"मग बोलला का नाहीत?"

"श्वास सुधारत होता तुमचा. म्हटलं, शिव्यांनीही छाती मोकळी होत असेल." जाता जाता तो वळला. "चहाचा कप सुंदर होता. गार झाला, पण मी घेतला असं धरलंय."

स्पीकरबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. तेच वाईट झालं. भांडला असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

परीक्षा संपल्या. ताओ हुईनं स्पीकर ढकलत आणला. "अक्का, मध्येच बसलीस तर पाणी ठेवलंय हं."

"ते तू पी. लाव गाणं."

गाणं दणाणलं. पहिली गिरकी, दुसरी, तिसरं पाऊल, त्यानंतरचा उजवा पाय आपसूक आला. श्वास ओढावा लागत नव्हता, येत होता. चौथ्या गिरकीला तिचं तोंड पूर्वेकडे झालं आणि जिंकोखाली मू दिसला. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. ऐकू काही येत नव्हतं. त्याची माणसं माना ताणून त्याच्या ओठांकडे बघत होती. हे दृश्य तिथे रोजच असणार. तिनं आज पाहिलं.

शेवटच्या ठेक्यावर ती उभी होती. बायकांनी आरोळी ठोकली. ताओ हुईनं चेहरा जमेल तेवढा हसरा करून रिमोट तिच्या हातात दिला. "जागा तुझी, अक्का."

युनश्यानं रिमोट धरला आणि आवाज खाली आणत गेली. आणखी खाली. कोपऱ्यातून "खांदे सोडा" ऐकू आलं तिथे ती थांबली.

"अगं, आम्हाला काही ऐकू येईना!" मागच्या रांगेतून ओरडा झाला.

"जवळ या मग. त्या तापानं माझे कान नाजूक झालेत. मोठा आवाज सोसवत नाही."

"पण दम तर बरा झाला ना?"

"दम झाला. कान राहिले. राहतात काही लक्षणं, डॉक्टरच म्हणाले."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. बाकीची लक्षणं त्यानंतर एकेक करून गेली, रस्सासुद्धा एकदाच खारट होऊ लागला. कान मात्र अजून तसेच आहेत. ताओ हुई अधूनमधून विचारते, ह्यावर फोनमध्ये काही व्यायाम नाही का.

युनश्या म्हणते, मास्तरांना विचारलं; नाही म्हणाले.