अद्रक धुण्याचं मशीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर — पण थांबा. आधी शीतल कोण, ते सांगते.

शीतल कन्नडकडची. घरची अद्रकीची शेती. इंजिनिअरिंगला आम्ही एकाच वर्गात. ती होस्टेलला राहायची, मी बजाजनगरला आईवडिलांकडं. थंडीच्या दिवसांत अद्रक निघते, ती गार पाण्यात चोळून चोळून धुवावी लागते. तिच्या आईचे हात सुजायचे, कातडी निघायची. म्हणून शीतलनं मशीन बनवलं. जाळीचा ड्रम, त्यातून आरपार गेलेला दांडा, फिरवायला हँडल, वरून पाण्याचा पाइप. वेल्डिंगसुद्धा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तिनं स्वतः केलं. आणि मी काय केलं? मी बोलायचे. बोलणं मला लहानपणापासून येतं.

शहरात तरुण उद्योजकांची स्पर्धा होती. आपली कल्पना परीक्षकांपुढं मांडायची, पटली तर धंदा उभा करायला ते मदत करणार. नाव मीच दिलं. शीतल म्हणाली, "मला स्टेजवर बोलाया लावू नको बाई. तू बोल, मी हँडल फिरवते."

खरं सांगू? मला त्या मशीनची लाज वाटत होती. बाकीच्यांकडं मोबाइलवरची ॲप होती, चकचकीत मॉडेलं होती, आणि आमच्याकडं वेल्डिंगचे डाग पडलेला लोखंडी सांगाडा. शीतलनं सकाळी सगळं जोडलं. ड्रम दांड्यावरून सरकू नये म्हणून एक पिन असते, बोटाएवढी — ती लावली. फिरवून बघितलं. आणि पाणी आणायला बादली घेऊन खाली गेली.

मी आमच्या नावाचं रंगीत फ्लेक्स छापून आणलं होतं. सांगाडा झाकला जाईल, जरा बरं दिसेल, एवढंच डोक्यात. ड्रम आडवा येत होता. मी पिन काढली, ड्रम सरकवला, फ्लेक्स गुंडाळलं, ड्रम जागेवर ढकलला. तेवढ्यात माइक लावायला हाक आली. मी धावले.

विसरणं कुणाचंही होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगत आले. पण मला सांगायचंय ते पुढचं आहे.

स्टेजवर मी छान बोलत होते. हॉल ऐकत होता. शीतल हँडल फिरवत होती, मातीचं गढूळ पाणी खाली पडत होतं — आणि ड्रम दांड्यावरून निसटला. अद्रक, चिखल, पाणी, सगळं परीक्षकांच्या पायाशी. मागून कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. शीतल खाली बसून ओढणीत अद्रक गोळा करायला लागली. माझा हात कशासाठी कोण जाणे ब्लेझरच्या खिशात गेला. पिन तिथं होती.

एका परीक्षक बाईंनी विचारलं — अगदी मायेनं विचारलं — "जोडणी कुणी केली होती?"

पिन माझ्या मुठीत. काय अवघड होतं? 'चूक माझी' एवढंच तर म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "हिनं."

खोटं होतं का ते? जोडणी तिनंच केली होती. किती सोपं असतं ना, खरं बोलून दुसऱ्याला खोटं ठरवणं?

बाहेर जिन्यात शीतल म्हणाली, "मी लावली व्हती गं पिन. लावल्यावानी ध्यानात हाय माझ्या. नाय लावली का मी?"

ती मला विचारत होती. तिचा स्वतःपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास होता. आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाईत राहून जातं गं. जाऊ दे."

तिनं मान हलवली. पटलं तिला. माझ्यासमोर, माझ्या शब्दावर, तिनं स्वतःची आठवण खोटी मानली. पिन मी बाथरूममधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

त्या परीक्षक बाईंना माझं बोलणं आवडलं होतं. त्यांच्या ओळखीनं मला नोकरी लागली. आज मी पोरांना असल्या स्पर्धांसाठी तयार करते — उभं कसं राहायचं, अडचणीचा प्रश्न आला तर काय उत्तर द्यायचं. हो, हेच शिकवते मी.

शीतलनं पुन्हा काही बनवलं नाही. चितेगावच्या एका कंपनीत ती तयार पार्ट तपासते. एकेक पार्ट पुन्हा पुन्हा बघते, साहेब खूश आहेत म्हणे. "मला माझ्या हातांचा भरवसा नाय ना," असं ती हसत सांगते. घरातून निघाली की गॅस बघायला अर्ध्या वाटेवरून परत जाते. मशीन गावाकडं गोठ्यात पडलंय. तिची आई अजून हातानंच अद्रक धुते.

कितीदा फोन हातात घेतला असेल? पण मग वाटायचं, आता सांगून तिला काय मिळणार? तिचा विचार करतेय, असं वाटायचं मला. तिचा कुठला? माझाच.

मागच्या वर्षी माझ्या मुलीचं बारसं झालं. शीतल सुट्टी काढून आली, पाळण्याला दोरी लावण्यापासून सगळं तिनं केलं. बायका गेल्यावर ओट्याशी भांडी विसळताना अचानक म्हणाली, "त्या दिवशी माझ्यापायी तुझं लई नुकसान झालं. दुसरी असती तर तोंड नसतं बघितलं माझं."

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. 

"वेडी का तू?" मी म्हणाले. "मैत्रीत असलं कुणी धरून बसतं का?"

तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझे आभार मानले.